जुन्या जाहिराती आणि लेबले जमवली आहेत. त्यांचे संशोधन कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपयोजित कलेचे शिक्षण झालेल्या एका वाचकाने गेल्या दोन वर्षांत जुन्या जाहिराती, साबणांची आणि आगपेट्यांची लेबले, पोस्टकार्डे, खेळांची हस्तपत्रके अशी सुमारे चारशे चित्रे संगणकात साठवली आहेत आणि त्यांपैकी साठ-सत्तर वस्तू मूळ स्वरूपात त्यांच्यापाशी आहेत. कला आणि जाहिरात यांच्यातील देवघेवीवर त्यांना लिहायचे आहे. परंतु जमवणे कोठे संपते आणि संशोधन कोठे सुरू होते, हे त्यांना उमगत नाही.

आपण प्रश्नासोबत दिलेली यादी मी दोनदा वाचली. प्रत्येक चित्रापुढे आपण त्याचा विषय काळजीपूर्वक लिहिला आहे: ‘आरशात पाहणारी स्त्री’, ‘मूल आणि मांजर’, ‘आगगाडी’. मात्र वस्तूचा आकार, तिची मागची बाजू, छपाईची पद्धत आणि ती आपल्यापर्यंत कोठून आली, यांसाठी यादीत रकानेच नाहीत. आपली अडचण येथे आहे असे मला वाटते. आपण चित्रे जमवली आणि चित्रांचा अर्थ लावायला बसलात. पण ज्या वस्तूवर ते चित्र छापले होते ती वस्तू मधल्यामध्ये गळून पडली. गेली अनेक वर्षे हेच काम करताना मी एक क्रम कसोशीने पाळत आलो आहे: आधी वस्तू वाचायची, चित्र त्यानंतर. हा क्रम उलटा केला की काय होते, ते मी स्वतःच्या चुकांतून शिकलो आणि त्यांतली एक चूक पुढे सांगणारच आहे.

अशा साहित्याला इंग्रजीत इफेमेरा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एका दिवसापुरते’ असा आहे. मॉरिस रिकर्ड्स यांनी १९७५ मध्ये लंडनला इफेमेरा सोसायटी स्थापन केली आणि दैनंदिन जीवनातील किरकोळ, अल्पजीवी कागदपत्रे अशा आशयाची या साहित्याची व्याख्या केली. या व्याख्येत चित्राचा उल्लेखही नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. तिकीट ही आधी पैसे भरल्याची पावती असते, लेबलाचे पहिले काम डब्याला चिकटून राहण्याचे असते, आणि हस्तपत्रकाने घाईत असलेल्या माणसाच्या हाती पडून त्याला वेळ आणि ठिकाण सांगायचे असते. चित्र या कामाच्या मदतीला आलेले असते. म्हणून एखादी वस्तू समोर आली की ती कोणाच्या हाती, किती वेळ आणि कशासाठी होती, हे मी आधी विचारतो.

हे तत्त्व म्हणून बरे वाटते; प्रत्यक्षात त्याने काय फरक पडतो, ते एका उदाहरणावरून पाहा. १८८० च्या दशकात रंगीत शिलामुद्रण, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापण्याची पद्धत, स्वस्त झाले आणि अमेरिकेत व युरोपात दुकानदार गिऱ्हाइकांना लहान रंगीत कार्डे वाटू लागले. त्यांतील बरीचशी कार्डे छापखाने आधीच मोठ्या संख्येने छापून ठेवत. चित्रात कोठेतरी किंवा मागच्या बाजूला जागा कोरी सोडलेली असे आणि ज्याने गठ्ठा विकत घेतला त्याचे नाव तेथे नंतर काळ्या शाईत छापले जाई. त्यामुळे टोपलीत बसलेले तेच मांजर एका कार्डावर शिवणाचा दोरा विकते, दुसऱ्यावर बूट आणि तिसऱ्यावर खोकल्याचे औषध. आपल्याजवळ फक्त दोऱ्याचे कार्ड असेल, तर घर, स्त्री, शिवणकाम आणि पाळीव प्राणी यांच्या नात्यावर आपण तीन पाने सहज लिहाल, आणि बुटांचे कार्ड हाती येताच ती तिन्ही पाने फाडावी लागतील. चित्राचा मालाशी काही संबंध आहे की नाही, हे चित्राकडे पाहून कळत नाही. ते त्या चित्राची भावंडे शोधून, किंवा काळी अक्षरे रंगांच्या थरावर नंतर चढली आहेत का हे भिंगाखाली पाहून कळते. नंतर छापलेली ओळ बहुधा किंचित तिरकी बसते आणि खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब पाठीमागे बोटाला जाणवतो. आपल्या यादीतील ‘मूल आणि मांजर’ या गटाकडे मी याच संशयाने पाहतो आहे.

भिंगाचा विषय निघालाच आहे, तर दहापट मोठे दाखवणारे एक भिंग आजच घ्या, असे मी आपल्याला सांगेन. या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त हत्यार तेच आहे आणि संगणकावरील कोणतेही साधन त्याची जागा घेत नाही. आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शिलामुद्रण शोधले आणि गोडफ्रुआ एंगेलमान यांनी १८३७ मध्ये रंगीत शिलामुद्रणाचे पेटंट घेतले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. चेहऱ्यावरची छटा दाखवण्यासाठी कारागीर दगडावर हाताने ठिपके देत असे. भिंगाखाली हे ठिपके लहानमोठे आणि विस्कळीत दिसतात. गालाच्या उंचवट्यावर विरळ होत जातात, हनुवटीखाली दाटतात. माणसाचा हात तेथे स्पष्ट दिसतो. याउलट, १८८० च्या दशकापासून छायाचित्राचे जाळीतून ठिपक्यांत रूपांतर करून छापणे सुरू झाले. ते ठिपके एका ओळीत, मोजून मापून ठेवल्यासारखे असतात. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत (हिच्यात शाई आधी रबरावर आणि तेथून कागदावर उतरते) निरनिराळ्या कोनांतील जाळ्या एकमेकींवर येतात आणि फुलासारखी बारीक वर्तुळे तयार होतात. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार उमटते. एवढे चार प्रकार ओळखता आले, तर आपल्या संग्रहातील बऱ्याच शंका मिटतील. कागदावरील ऑफसेटचे यंत्र १९०४ च्या सुमारास आले. म्हणजे ऑफसेटने छापलेले कार्ड कोणी ‘एकोणिसाव्या शतकातील’ म्हणून आपल्याला विकत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज उरत नाही.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी साबणाचे एक लेबल माझ्या हाती आले. अंडाकृती चौकटीत एका स्त्रीचा चेहरा होता. केस कानांवरून लाटांसारखे बसवलेले, भुवया बारीक कोरलेल्या, आणि भोवती दोन महायुद्धांमधल्या काळात लोकप्रिय असलेली कोनदार अक्षरे. केशरचना आणि अक्षरवळण यांवरून मी बेधडक १९३० च्या दशकाचा निर्णय दिला आणि एका छोट्या प्रदर्शनाच्या टिपणात तसे छापूनही टाकले. वर त्या स्त्रीच्या नजरेतील आत्मविश्वासाचा संबंध त्या दशकातील स्त्रीजीवनाशी जोडला. पुढे एका संवर्धकाने, म्हणजे जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाने, सहज म्हणून त्यावर अतिनील प्रकाशाची विजेरी धरली आणि कागद निळसर पांढरा उजळला. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी उजळ रसायने १९५० च्या सुमारास वापरात आली. लेबल खरेच होते, बनावट नव्हते. पण उत्पादकाने जुनी रचना कित्येक वर्षे तशीच छापत ठेवली होती. गिऱ्हाईक वेष्टन ओळखून माल घेते, त्यामुळे वेष्टनाला फॅशनबरोबर बदलण्याची मुभा नसते, हे साधे व्यापारी सत्य मी लक्षात घेतले नव्हते. त्या स्त्रीच्या चेहऱ्याबद्दल मी लिहिलेले सारे कदाचित खरे असेल. परंतु ते लेबल ज्यांनी उलगडले त्यांच्यासाठी ती जुन्या वळणाची, आईच्या काळातली स्त्री होती, आणि हा अर्थ अगदी वेगळा आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूपुढे दोन वर्षे लिहितो, रचनेचे आणि छपाईचे. दुसरे ठाऊक नसेल तर रकाना मोकळा ठेवतो. (उलट बाजूने घाई करू नका, हेही सांगायला हवे. कागद उजळला नाही म्हणजे तो जुना आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही.)

कालनिश्चितीची इतर साधने बहुधा मागच्या बाजूला सापडतात, म्हणून स्कॅन करताना पाठ वगळू नये. पोस्टकार्डांचेच घ्या. पूर्वी पत्त्याच्या बाजूवर पत्त्याखेरीज काही लिहिण्यास मनाई होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेच्या मोकळ्या जागेत कोंबलेला दिसतो. मधोमध रेघ असलेली, अर्धी पत्त्यासाठी आणि अर्धी मजकुरासाठी असलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून मान्य झाली. चित्राची रचना त्यानंतर बदलली, कारण आता चित्राला संपूर्ण पृष्ठभाग मिळाला. टपाल खात्याचा एक नियम चित्राच्या चौकटीवर कसा परिणाम करतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मुद्रकाचे नाव, दूरध्वनी क्रमांकातील अंकांची संख्या, पत्त्यातील टपाल विभागाचा क्रमांक, किंमत कोणत्या नाण्यांत लिहिली आहे, या खुणाही उपयोगी पडतात. पाठीवरील वाळलेला डिंक आणि त्यात अडकलेले काळ्या कागदाचे तुकडे सांगतात की कार्ड कोणीतरी चिकटवहीत लावले होते, म्हणजे जाहिरात म्हणून त्याचे काम संपल्यावरही कोणीतरी ते शोभेची वस्तू म्हणून जपले. या दुसऱ्या आयुष्याचीही नोंद हवी.

आता आपल्या मूळ विषयाकडे, म्हणजे कला आणि जाहिरात यांच्या देवघेवीकडे वळू. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्या १८८६ च्या एका चित्रापासून आरंभ करतात आणि तसे करण्यात गैर काही नाही, कारण उदाहरण अत्यंत समृद्ध आहे. फक्त ते घाईने उरकले जाते. चित्रात मिले यांचा लहान नातू हिरव्या मखमली पोशाखात, झालरीची कॉलर घालून बसला आहे. हाती वाडगा आणि नळी आहे, आणि त्याने नुकताच सोडलेला साबणाचा फुगा वर तरंगत असताना तो मान उचलून त्याच्याकडे पाहतो आहे. त्याच्या एका बाजूला कुंडीत वाढणारे रोप आहे आणि दुसऱ्या बाजूला फुटलेली कुंडी. माणूस म्हणजे बुडबुडा, ही कल्पना सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी वारंवार रंगवली होती. कवटी, विझणारी मेणबत्ती आणि बुडबुडे फुंकणारे मूल ही त्या परंपरेतील परिचित चिन्हे होत. मिले त्याच परंपरेत बोलत होते. त्यांनी चित्राला दिलेले नाव ‘अ चाइल्ड्स वर्ल्ड’, म्हणजे एका मुलाचे जग, असे होते.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चे मालक विल्यम इन्ग्रॅम यांनी हे चित्र विकत घेतले आणि नाताळच्या अंकासोबत त्याची रंगीत प्रत वाटली. त्यानंतर पिअर्स साबणाचे थॉमस बॅरट यांनी चित्र आणि त्याचे हक्क त्यांच्याकडून घेतले आणि जाहिरातीसाठी चित्रात साबणाची एक वडी घातली. हक्क हातचे गेले असल्याने मिले यांना ते थांबवता आले नसते. चित्र ‘बबल्स’, म्हणजे बुडबुडे, या नावाने घरोघरी पोचले आणि कलेचा बाजार मांडल्याबद्दल चित्रकारावर टीका झाली.

येथे थांबून जाहिरातीकडे बारकाईने पाहा. मूळ चित्रात नजर मुलाच्या चेहऱ्यावरून फुग्याकडे जाते आणि तेथेच अडकते, कारण फुगा आता फुटणार हे आपल्याला ठाऊक असते. जाहिरातीत खालच्या भागात वडी आल्याबरोबर नजरेला परतीची वाट मिळते. वर गेलेली नजर खाली उतरून उत्पादनाच्या नावावर येऊन टेकते. फुग्याचे कारण आता चित्रातच दाखवले आहे आणि कारण दिसले की गूढ संपते. मृत्यूचे चिन्ह असलेली फुटकी कुंडी जाहिरातीत वेगळे काहीच बोलत नाही. ती मुलाच्या खेळकरपणाची खूण वाटू शकते. नाव बदलल्यामुळे चित्राचा विषय ‘जग’ न राहता ‘फेस’ झाला. एवढा सारा पालट एका वडीने आणि एका शब्दाने घडवला. शिवाय नोंद करताना लक्षात घ्या की आपण येथे एका चित्राबद्दल बोलत नसून किमान तीन वस्तूंबद्दल बोलत आहोत: तैलचित्र, अंकासोबत आलेली रंगीत प्रत आणि जाहिरात. जाहिरातीचीही निरनिराळी रूपे असतात. तिन्हींचे प्रेक्षक वेगळे होते, पाहण्याचा अवधी वेगळा होता. लेखात ‘मिले यांचे बबल्स’ असे मोघम लिहिले, की वाचकाला आपण कोणत्या वस्तूबद्दल बोलत आहात ते कळत नाही, आणि बरेचदा लेखकालाही कळलेले नसते.

याच गोंधळाचा आणखी एक प्रकार फ्रेंच भित्तिपत्रकांबाबत फार आढळतो. फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ च्या कायद्याने छपाईवरील आणि पत्रके लावण्यावरील निर्बंध सैल झाले, भिंती भित्तिपत्रकांनी भरल्या, आणि ज्यूल शेरे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामासाठी संग्राहकांची चढाओढ लागली. मागणी ओळखून १८९५ ते १९०० या काळात निवडक भित्तिपत्रकांच्या लहान आकाराच्या २५६ प्रती ‘ले मेत्र द लाफिश’ या नावाने वर्गणीदारांसाठी काढण्यात आल्या. आज इंटरनेटवर ‘शेरे यांचे भित्तिपत्रक’ म्हणून फिरणाऱ्या प्रतिमांपैकी अनेक या लहान प्रतींच्या आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण एक रस्त्यावर पावसात भिजण्यासाठी होती आणि दुसरी घरात मांडीवर घेऊन पाहण्यासाठी. आपल्या यादीत मापाचा रकाना का हवा, याचे उत्तर येथे मिळेल.

देवघेवीतील दुसरी दिशा, म्हणजे चित्रकारांनी जाहिरातीतून आणि रद्दीतून घेतलेले, हा भाग बहुतेकांना परिचित असतो. १९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक वर्तमानपत्राचे तुकडे चित्रांत चिकटवू लागले. पिकासोच्या ‘सूझ’ या फ्रेंच मद्याच्या बाटलीच्या चित्रातील कात्रणांत बाल्कन युद्धाच्या बातम्या आहेत आणि त्या वाचायच्या की केवळ करडा पोत म्हणून पाहायच्या, यावर अभ्यासकांचा वाद आहे. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ मध्ये एका बँकेच्या नावातील ‘कोमर्त्स’, म्हणजे व्यापार, या शब्दाचा ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा कापून घेतला आणि पुढे आपल्या सर्व कामाला तेच नाव दिले. ट्रामची तिकिटे, वेष्टने, पावत्या यांतून त्यांनी चित्रे जुळवली. मला मात्र या प्रकरणातील सर्वांत बोलके उदाहरण १९६४ चे वाटते. अँडी वॉरहॉल यांनी त्या वर्षी न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत ब्रिलो या भांडी घासण्याच्या साबणचोथ्याच्या खोक्यांच्या हुबेहूब लाकडी प्रतिकृती मांडल्या. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याची रचना जेम्स हार्वे यांची होती, आणि हार्वे स्वतः अमूर्त शैलीत रंगवणारे गंभीर चित्रकार होते. खोकी ते पोटासाठी करत. ‘कलेने जाहिरातीकडून उसने घेतले’ हे वाक्य या प्रसंगी किती अपुरे पडते, ते पाहा. दोन्ही बाजूंना चित्रकारच होते आणि दोघांनीही व्यापारी काम केले होते. वॉरहॉल यांनी १९५० च्या दशकात बुटांच्या जाहिरातींसाठी रेखाटने काढून नाव मिळवले होते. फरक होता तो, कोणाचे नाव वस्तूसोबत टिकले यात. आपल्या संग्रहातील लेबलांच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत कोणाची सही आहे का, हे शोधण्यात एखादा आठवडा घालवलात तर तो वाया जाणार नाही.

यापुढचा प्रश्न थोडा गैरसोयीचा आहे, पण तो टाळून संशोधन होत नाही: आपल्याजवळ जे आहे, ते का उरले? भिंतीवर खरोखर लावलेले भित्तिपत्रक त्यावर दुसरे चिकटले की नष्ट होई. जी उरली त्यांतील पुष्कळशी कधी लावलीच गेली नव्हती. सुंदर रंगीत कार्डे मुलांनी चिकटवह्यांत जपली आणि साधी, मजकुरानेच भरलेली पत्रके चुलीत गेली. म्हणून ‘त्या काळच्या जाहिराती चित्रमय होत्या’ असे विधान आपण केले, तर ते बहुधा त्या काळच्या मुलांच्या आवडीबद्दलचे विधान असेल.

संस्थांनीही अशीच निवड केलेली असते. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण सारा सोफिया बँक्स हिने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही भेटकार्डे, प्रवेशपत्रे, दुकानांची कार्डे आणि पत्रके हजारोंनी जमवली. १८१८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर हा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि पुढे प्रकारांनुसार विभागला गेला. आज त्याचे भाग तेथे आणि ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिने जे शेजारी ठेवले होते, ते आता दोन इमारतींत आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांचा दहा लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह १९६८ मध्ये बॉडलियन ग्रंथालयात आला, तो मात्र बराचसा एकत्र राहिला. ड्यूक विद्यापीठाच्या ‘अ‍ॅड अ‍ॅक्सेस’ या खुल्या संग्रहात १९११ ते १९५५ या काळातील अमेरिकी व कॅनेडियन नियतकालिकांतील सात हजारांहून अधिक जाहिराती आहेत, आणि नवशिक्याने तेथून आरंभ करावा असे मी नेहमी सुचवतो; पण त्या सौंदर्य व स्वच्छता, रेडिओ, दूरचित्रवाणी, वाहतूक आणि दुसरे महायुद्ध अशा पाच विषयांपुरत्या निवडलेल्या आहेत. तेथे खाद्यपदार्थांचा वेगळा विभाग नाही, यावरून त्या काळात त्यांच्या जाहिराती कमी होत्या असा निष्कर्ष काढणारा निबंध मी तपासलेला आहे.

मांडणीबाबत माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे. जर्मन कला-इतिहासकार आबी वारबुर्ग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, काळे कापड लावलेल्या मोठ्या फळ्यांवर चित्रांची छायाचित्रे टाचून, काढून, पुन्हा टाचून आपला विचार पुढे नेला. अखेरच्या अवस्थेत अशा ६३ फळ्या होत्या. प्राचीन शिल्पे आणि रेनेसाँची चित्रे यांच्यासोबत त्यांनी टपाल तिकिटे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि जाहिरातीही लावल्या, कारण वाऱ्याने उडणारे वस्त्र किंवा उंचावलेला हात अशी एखादी आकृती कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर उतरते, हे त्यांना पाहायचे होते. आपणही चारशेतील फक्त चाळीस निवडा, त्यांच्या खऱ्या आकारात साध्या छापील प्रती काढा आणि भिंतीवर लावा. खरा आकार महत्त्वाचा आहे. पडद्यावर आगपेटीचे लेबल आणि भित्तिपत्रक एकाच चौकटीत बसतात आणि त्यांच्यातील सगळ्यांत मोठा फरक पुसला जातो. मांडणी तीन वेळा बदला: एकदा छपाईच्या पद्धतीनुसार, एकदा वस्तूच्या कामानुसार, आणि अखेरीस विषयानुसार. प्रत्येक मांडणीचे छायाचित्र घेऊन ठेवा. दोन मांडण्यांत ज्या वस्तू जागा बदलतात, त्यांच्यापाशीच आपला लेख सापडण्याची शक्यता अधिक असते. वारबुर्ग यांच्या फळ्यांचा मोह असा की दोन चित्रे शेजारी आली म्हणजे त्यांचे नाते सिद्ध झाले असे वाटते. सारखेपणा दिसला, तर ते चित्र इकडून तिकडे कसे गेले, कोणत्या छापखान्यातून, कोणत्या नमुनावहीतून, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर शोधावे लागते.

नोंदींसाठी ट्रॉपी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. विषय लिहिताना मनाला येईल ते शब्द न वापरता एक ठरावीक शब्दसूची ठेवा. लायडनचे हेन्री व्हान दे वाल यांनी उभारलेली आयकॉनक्लास ही वर्गीकरण पद्धत चाळून पाहा. ती पाश्चात्त्य कलेसाठी घडवलेली असल्याने आगपेट्यांवरील बऱ्याच गोष्टी तिच्यात सहज बसणार नाहीत, तरीही विषयाचे थर कसे पाडतात हे तिच्यावरून कळते. मूळ वस्तू स्कॅन करताना कडा कापू नका, शेजारी मोजपट्टी ठेवा, दोन्ही बाजू घ्या. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांतून त्या लगेच बाहेर काढा आणि पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावण्याचा मोह कितीही झाला तरी लावू नये. तिचा चिकट थर काही वर्षांनी कागदात उतरून कायमचा पिवळा डाग पडतो.

छापण्याच्या हक्कांबाबत आपण विचारलेले नाही, तरीही प्रश्न येणारच. बर्न करारानुसार लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे संरक्षण मिळते. युरोपीय संघात ते ७० वर्षे आहे आणि भारतात ६०. जाहिरातींत चित्रकाराचे नाव बहुधा नसते, त्यामुळे प्रकाशनाचे वर्ष शोधावे लागते, म्हणजे पुन्हा वस्तूकडेच यावे लागते. हक्क संपले तरी व्यापारचिन्ह जिवंत असू शकते. संग्रहालयांच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. त्या विचारून घ्याव्यात, गृहीत धरू नयेत.

आपल्या यादीत साबणाच्या जाहिरातींचा एक गट असा आहे, ज्यात काळ्या त्वचेचे मूल धुऊन गोरे होताना दाखवले आहे. अशा जाहिराती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच निघाल्या आणि त्या वगळून साबणाच्या जाहिरातींचा इतिहास लिहिता येणार नाही. पण त्या ‘जुन्या काळच्या गमती’ या शीर्षकाखाली, इतर गोड चित्रांच्या रांगेत, मोठ्या आकारात छापू नयेत. चित्र लहान ठेवा, मजकूर शेजारीच हवा, आणि ती जाहिरात कोणाला उद्देशून होती व कोणाच्या खर्चाने हसवत होती, हे त्याच मजकुरात स्पष्ट शब्दांत लिहा.

राहता राहिली ती कोणताही स्रोत नसलेली, इकडून तिकडून उतरवून घेतलेली चित्रे. आपल्या चारशेपैकी ती निम्म्याहून अधिक असावीत असा माझा अंदाज आहे. ती पुसून टाकू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांच्यावर एकही विधान उभे करू नका. उलट-शोधाची साधने (चित्र देऊन इंटरनेटवर त्याच्या इतर प्रती शोधणारी) वापरून दर आठवड्याला त्यांतील पाच-सहा चित्रांचा मागोवा घ्या. काहींची मूळ प्रत एखाद्या ग्रंथालयाच्या संग्रहात मापासह, पाठीसह सापडेल; ती सापडली की मगच त्या चित्राला मुख्य यादीत क्रमांक द्या. तोवर हाताशी असलेल्या साठ-सत्तर मूळ वस्तूंपासून काम सुरू करा, आणि पहिल्या दिवशी त्या सगळ्या पालथ्या घालून टेबलावर मांडा.